छोट्या ट्रॅक्टरनं बर्फ हटवायचा असेल, तर ब्लेड घ्यावं की स्नो ब्लोअर?

नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत अवघ्या काही दिवसांत सुमारे ८० इंच, म्हणजे जवळपास २ मीटर बर्फ पडला. अशा वेळी सार्वजनिक रस्ते प्रशासन मोकळे करतं. पण रस्त्यापासून घराच्या दारापर्यंतची खासगी वाट, म्हणजे ड्राइव्हवे, घरमालकालाच साफ करावा लागतो. शहराबाहेरच्या मोठ्या जागेत ही वाट ५०-१०० मीटर लांब असू शकते. ती बंद राहिली, तर ॲम्ब्युलन्सही दारापर्यंत पोहोचत नाही.

म्हणूनच अमेरिका आणि कॅनडातल्या अशा अनेक घरांमध्ये छोटा ट्रॅक्टर दिसतो. उन्हाळ्यात गवत कापायचं, हिवाळ्यात बर्फ काढायचा. या बाजारात आपल्या ओळखीचं एक नावही आहे: महिंद्रा कंपनी १९९४ पासून अमेरिकेत ट्रॅक्टर विकते.

पण ट्रॅक्टर एकटा बर्फ काढत नाही, त्याला जोडलेलं अवजार काढतं. ते नेमकं कसं निवडायचं?

आधी बर्फाचं गणित

५० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद वाटेवर ३० सेंटीमीटर बर्फ पडला, तर तो ४५ घनमीटर होतो. ताज्या, भुसभुशीत बर्फाचं वजन घनमीटरला साधारण १०० किलो धरलं, तरी हे साडेचार टन झाले. बर्फ ओला किंवा दबलेला असेल, तर वजन दुप्पट-तिप्पट होतं.

त्यामुळे पहिला प्रश्न ‘कोणतं अवजार?’ हा नाही, तर ‘हा बर्फ ठेवणार कुठे?’ हा आहे. बर्फ ढकलता येतो, उचलता येतो किंवा फेकता येतो. तीन कामं आणि त्यांची तीन वेगळी अवजारं.

ब्लेड: स्वस्त आणि झटपट

ब्लेड म्हणजे तिरकं करता येणारं लोखंडी पातं. ते बर्फ बाजूला ढकलतं. ट्रॅक्टरच्या मागे थ्री पॉइंट लिंकेजला लावायचं ब्लेड सगळ्यात स्वस्त पडतं. आपल्याकडे रान सपाट करायला असंच अवजार वापरतात. पुढे लावायचं ब्लेड महाग असतं, पण काम डोळ्यांसमोर होतं.

१०-१५ सेंटीमीटर बर्फ वारंवार पडत असेल, तर ब्लेडइतकं वेगवान काही नाही. अडचण पुढे येते. ढकललेला बर्फ कडेला साचून गोठतो आणि दर खेपेला वाट अरुंद होत जाते. जानेवारी उजाडेपर्यंत ढकलायला जागाच उरत नाही. म्हणून जाणकार हिवाळ्याच्या सुरुवातीलाच वाटेपेक्षा बरंच रुंद साफ करून ठेवतात.

लोडरची बकेट: असेल तर वापरा

ट्रॅक्टरला पुढे लोडर असेल, तर वेगळा खर्च लागत नाही. बर्फ उचलून उंच ढीग करता येतो, कडेला साचलेला बर्फ मागे सारता येतो. पण दर फेरीत थोडाच बर्फ निघतो आणि लांब वाटेवर वेळ फार जातो.

स्नो ब्लोअर: बर्फ लांब फेकणारं यंत्र

द्राक्षबागेत ‘ब्लोअर’ म्हणजे फवारणीचं यंत्र. स्नो ब्लोअर मात्र वेगळा. त्यात पुढे आडवा फिरणारा स्क्रू बर्फ कापून मध्यभागी ओढतो. मागचा पंखा तो बर्फ वळवता येणाऱ्या नळीतून कित्येक मीटर लांब फेकतो. कॅनडाच्या क्वेबेकमधल्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५ मध्ये असं यंत्र तयार केलं होतं.

याचा मोठा फायदा म्हणजे कडेला भिंत साचत नाही. खोल बर्फ, वाऱ्यानं साचलेले ढिगारे आणि जागेची टंचाई असेल, तिथे ब्लोअरच लागतो. तोटे असे: किंमत जास्त, वेग कमी आणि पाणी सुटलेला चिकट बर्फ नळीत अडकतो.

यातही दोन प्रकार आहेत. मागचा ब्लोअर ५४० आरपीएमच्या पीटीओवर चालतो, म्हणजे रोटाव्हेटर चालतो तसाच. तो तुलनेनं स्वस्त असतो, पण ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चालवावा लागतो. तासभर मान वळवून बसायची तयारी हवी. पुढचा ब्लोअर बहुतेक वेळा ट्रॅक्टरच्या पोटाखालच्या, सुमारे २००० आरपीएमच्या मिड-पीटीओवर चालतो. तो सोयीचा, पण महाग आणि जोडायला वेळखाऊ.

ट्रॅक्टरला झेपेल का?

घेण्याआधी या गोष्टी तपासा:

- पीटीओ एचपी: ब्लोअर इंजिनच्या नव्हे, पीटीओच्या एचपीवर निवडायचा असतो. हा आकडा इंजिनच्या एचपीपेक्षा कमी असतो.
- रुंदी: अवजार मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा अरुंद नको, नाहीतर चाकं बर्फ तुडवतात. ब्लेड तिरकं केल्यावर रुंदी घटते. ६० इंची ब्लेड ३० अंशांत वळवलं, तर जेमतेम ५२ इंच साफ होतं.
- गिअर: ब्लोअर पूर्ण वेगानं फिरत असताना ट्रॅक्टर मात्र अगदी हळू चालायला हवा. हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनमध्ये हे सहज जमतं.
- पकड आणि वजन: चाकं घसरत असतील, तर कुठलंच अवजार कामाचं नाही. चाकांना चेन लावा. पुढे जड अवजार असेल, तर मागे वजन द्या. मागचा ब्लोअर स्वतःच हे वजन देतो.

वाट खडीची असेल, तर अवजाराखालचे आधाराचे पाय सुमारे एक इंच खाली सोडून पातं वर ठेवा. नाहीतर बर्फाबरोबर खडीही उडते. हिवाळ्याआधी वाटेच्या कडेला काठ्या रोवून ठेवल्या, तर बर्फाखालचे दगड आणि कुंपण कळतं. दगड अडकलाच, तर शिअर बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. म्हणून हे बोल्ट जास्तीचे जवळ ठेवा.

सर्वात मोठा धोका कोणता?

ब्लोअरमध्ये अडकलेला बर्फ हातानं काढणं. पीटीओ बंद करा, इंजिन बंद करा, चावी काढा, सगळं थांबेपर्यंत थांबा आणि मगच काठीनं बर्फ काढा. पीटीओचा शाफ्ट सेकंदाला ९ वेळा फिरतो. त्याच्या कव्हरशिवाय काम करू नका, सैल कपडे आणि मफलर दूर ठेवा. बंद शेडमध्ये इंजिन गरम करत ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

आणि बर्फ रस्त्यावर ढकलू नका. कॅनडातल्या ऑन्टारियोमध्ये परवानगीशिवाय असं करणं वाहतूक कायद्यानुसार गुन्हा आहे.

मग निवड कशी करायची?

वाट छोटी, बर्फ कमी आणि कडेला भरपूर जागा असेल, तर ब्लेड पुरेसं आहे. लोडर आधीच असेल, तर त्याच्या जोडीला मागचं ब्लेड घ्या. बर्फ खोल पडत असेल किंवा ढकलायला जागा नसेल, तर ब्लोअर घ्या. मोठ्या हिमवादळांच्या भागात बरेच जण पुढे लोडर आणि मागे ब्लोअर अशी जोडी ठेवतात. कारण नेहमीचा बर्फ कशानंही निघतो. अवजाराची खरी परीक्षा होते, ती वर्षातल्या सगळ्यात वाईट वादळात.