हिशेब शिकवणारा शेतकरी

विठ्ठलराव विखे पाटलांचं शालेय शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या नगर जिल्ह्यात त्यांची आठवण निघते ती लोणीच्या सहकारी साखर कारखान्याचे संस्थापक म्हणून. मी मात्र प्रवरेच्या काठावरच्या जिल्हा परिषद शाळांत पोरांना व्याजाची गणितं शिकवत म्हातारा झालो, आणि घरची शेतीही पाहिली. मला त्यांच्यातला मास्तर आधी दिसतो. ज्यांना शाळेची पायरी चढायला मिळाली नाही अशा बाप्यांना त्यांनी हिशेब शिकवला. कारखाना त्यानंतर आला, आणि त्या शिकवणीमुळेच आला.

१८९७ साली, नारळी पौर्णिमेला, लोणी बुद्रुकमध्ये त्यांचा जन्म झाला. त्याआधी बावीस वर्षं, १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून पेटलेले दख्खनचे दंगे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या आपल्या तालुक्यांत पोचले होते. शेतकऱ्यांचा राग होता तो सावकाराच्या दप्तरावर. रोखे आणि खतं हिसकावून त्यांनी जाळली. मग १८७९ चा कायदा आला, कोर्टाला कर्जाची चौकशी करायचा अधिकार मिळाला, पण पेरणीच्या वेळी बी आणि बैल घ्यायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न तसाच राहिला. गडी पुन्हा सावकाराच्या त्याच ओट्यावर जाऊन बसायचा. आषाढात मणभर बाजरी उचलायची आणि सुगीला दीड मण घालायची, याला दिडी म्हणत. चार-पाच महिन्यांच्या उसनवारीवर निम्मी वाढ! ही रीत ज्याला मांडून बघता येत नाही, त्याचं शेत हळूहळू दुसऱ्याच्या नावावर जाणारच.

विखे पाटलांनी १९२३ मध्ये लोणीत सहकारी पतपेढी काढली. पतपेढ्यांचा कायदा १९०४ चा. त्यामागे जर्मनीतल्या रायफायझनचा नमुना होता. एका खेड्यातल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन आपली पत उभी करायची, असा तो नमुना. अशा ग्रामीण पतपेढीत सभासदांची जबाबदारी अमर्याद असे. म्हणजे शेजाऱ्यानं कर्ज बुडवलं तर ते उरलेल्यांनी भरायचं. कर्जमंजुरीला बसलेला माणूस मग आपसूकच विचारू लागतो. ह्याला पैसे कशाला हवेत? बैलाला की बारशाला? विहीर पाडायची तर पाणी लागेल का? फेडणार कुठल्या पिकावर? सावकार हे प्रश्न विचारत नव्हता, कारण कर्ज थकलं तर त्याला जमीनच मिळत होती. पतपेढीनं गावाला हे प्रश्न विचारायला लावले. माझ्या मते जिल्ह्यातला प्रौढशिक्षणाचा पहिला मोठा वर्ग तोच. फळा नाही, खडू नाही, पण गणित चुकलं की दंड साऱ्या वर्गाला!

तीन वर्षांत परिसराचं रूप पालटू लागलं. अकोल्याच्या डोंगरात भंडारदरा धरणाचं काम १९१० पासून चाललं होतं, ते १९२६ मध्ये पुरं झालं. ओझरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांना बारमाही पाण्याची खात्री मिळाली. बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. पाणी आलं, पण त्यासोबत पाणीपट्टी आली, पेंडीचा आणि खताचा खर्च आला. उसाला बाजरीपेक्षा कितीतरी अधिक भांडवल लागतं आणि पैसा हाती यायला वर्ष-दीड वर्ष जातं. हिरव्यागार शिवारात कर्ज मात्र फोफावलं.

त्या काळच्या गुळाची एक पट्टी आमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत जपलेली होती. रात्रंदिवस घाणा चालायचा, चुलवाणात चिपाडं सारताना माणसं भाजून निघायची, काहिलीतल्या रसाला तार आली की नाही ते गुळव्या बघायचा. इतकं करून ढेपा पेठेत गेल्या की तिकडून ही पट्टी यायची. वर गुळाचं वजन आणि भाव, खाली कापलेल्या रकमांची उतरंड. आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, आधी घेतलेली उचल आणि तिच्यावरचं व्याज. तळाशी उरलेला आकडा पुढच्या हंगामालाही पुरायचा नाही. मंदीत भाव कोसळले तेव्हा तो आकडा उलटा देणं दाखवू लागला. आजोबांना वाचता येत नव्हतं. पट्टी दुसरा कुणी वाचायचा आणि ते मान डोलवायचे.

ह्याच कालव्यांवर खासगी साखर कारखाने उभे राहत होते, हरेगावला बेलापूर कंपनी, पलीकडे टिळकनगर. कंपन्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेत आणि त्यात स्वतःचा ऊस लावत. मालक खंड घेऊन बांधावर उभा, आणि त्याच्याच काळ्या जमिनीतून कंपनी पांढरी साखर काढतेय. दोघांना पाणी एकच, माती एकच. फरक होता भांडवलाचा आणि यंत्राचा. पतपेढीत जे गणित लोक शिकले होते, त्याचं हे पुढचं उदाहरण होतं.

१९४५ मध्ये बेलापूरला बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजला शिकलेला हा अर्थशास्त्रज्ञ आणि चौथी शिकलेला लोणीचा शेतकरी यांची जोडी जमली. शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्याची कल्पना तिथून आकाराला आली. वैकुंठभाई मेहतांसारखा सहकार जाणणारा मंत्री मुंबई सरकारात होता, त्याचाही आधार झाला.

पण भागभांडवल गोळा करायचं काम पुण्या-मुंबईत होण्यासारखं नव्हतं. विखे पाटील गावोगाव फिरले. समोर असायचा तो कर्जानं पोळलेला माणूस. न बांधलेल्या कारखान्यासाठी त्याच्याकडून पैसे मागायचे होते. शेअर म्हणजे काय, ते पैसे परत का मिळत नाहीत, मालक होणं म्हणजे नेमकं काय, सभेत दोन एकरवाल्याचं आणि पन्नास एकरवाल्याचं मत सारखं कसं, हे सगळं पारावर बसून उलगडून सांगावं लागे. ज्यानं पतपेढीचा हिशेब वीस वर्षं उघडा ठेवला, त्याच्याच शब्दावर लोक कनवटीला हात घालतात. माझ्या आजोबांनी शेअर घेतला तो याच भरवशावर. आमच्याकडच्या दाखल्याच्या अर्जावर त्यांचा अंगठा आहे.

१९४८ मध्ये कारखान्याच्या सहकारी संस्थेची नोंदणी झाली. भागभांडवलाला सरकारची आणि औद्योगिक वित्त महामंडळाच्या कर्जाची जोड मिळाली, आणि लोणीच्या माळावर १९५०-५१ चा पहिला गाळप हंगाम सुरू झाला. पहिले अध्यक्ष झाले गाडगीळ, विखे पाटील उपाध्यक्ष. ज्यानं दारोदार फिरून पैसा उभा केला त्यानं पहिली खुर्ची दुसऱ्याला दिली, आणि पुढची कैक वर्षं ती तशीच राहू दिली. मालक शेतकरीच, पण हिशेब तपासायला जाणता माणूस वर हवा, हे त्यांना उमगलं होतं. लोकसेवक कसा असावा याचा याहून स्वच्छ नमुना मला ठाऊक नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी पंडित नेहरू कारखान्याभोवती वसलेल्या प्रवरानगरला आले. १९६४ मध्ये प्रवरा पब्लिक स्कूल निघालं, नंतर लोणीत दवाखाना उभा राहिला. ज्याची स्वतःची शाळा चौथीला सुटली त्यानं खेड्यातल्या पोरांसाठी निवासी शाळा काढली. २७ एप्रिल १९८० रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी, विखे पाटील गेले. तोवर महाराष्ट्रभर सहकारी कारखान्यांची धुराडी उभी राहिली होती.

या कारखान्यांचं पुढे काय झालं, कुठं राजकारण शिरलं, कुठं कर्ज थकलं, यावर लोक तावातावानं बोलतात, आणि बोलावंच. पण मला एक गोष्ट सांगायची आहे, ती माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना. तुम्ही पदवीधर झालात. कारखान्याचा वार्षिक अहवाल दरवर्षी घरी येतो. त्यातला ताळेबंद तुम्हाला वाचता येतो. रिकव्हरी किती लागली, तोडणी-वाहतूक टनामागे किती कापली, देणं किती वाढलं, हे त्यात छापलेलं असतं. तरी सर्वसाधारण सभेत विषय वाचला जातो, ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो आणि मंडळी जेवायला उठतात. पट्टी वाचता येत नव्हती म्हणून आजोबा मान डोलवायचे. आपल्याला तशी सबब नाही. सभेला जा, अहवाल आधी वाचून जा, आणि न पटलेल्या आकड्यावर उभं राहून विचारा. विखे पाटलांनी लोणीत जे शिकवायला घेतलं होतं, त्याचा पुढचा धडा आपणच घ्यायचा आहे.