कोलायडरमधील कृष्णद्रव्याचा शोध : प्रतिमानांच्या इतिहासातील एक प्रकरण

कृष्णद्रव्य हा विषय मूळचा ज्योतिर्विदांचा. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली कोमा दीर्घिकासमूहाच्या अभ्यासात त्याची गरज प्रथम स्पष्टपणे मांडली, आणि १९७० साली व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या परिभ्रमणाची मापने प्रसिद्ध केल्यावर तिच्याकडे दुर्लक्ष करणे उत्तरोत्तर कठीण होत गेले. कणभौतिकीत हा प्रश्न शिरला तो १९७७ च्या सुमारास. बेंजामिन ली व स्टीव्हन वाइनबर्ग यांनी त्या वर्षी असे दाखविले की, विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेला, दुर्बल परस्परक्रिया करणारा जड उदासीन कण अस्तित्वात असल्यास त्याचे वस्तुमान सुमारे २ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा अधिक असले पाहिजे. जो कण आदिविश्वातील टकरींत निर्माण होत होता, तो प्रयोगशाळेतील टकरींतही व्हावा, ही अपेक्षा येथूनच बळावली.

परंतु जो दिसत नाही तो सापडला असे म्हणावयाचे कशावरून? टकरीपूर्वी प्रोटॉनांच्या मार्गाला लंब दिशेने संवेग जवळजवळ नसतो. टकरीनंतर दिसणाऱ्या कणांची बेरीज शून्य येत नसेल, तर काहीतरी न दिसता निसटले असे समजावयाचे. सारी भिस्त या वजाबाकीवर. (सीएमएस शोधकात चुंबकाच्या बाहेर निसटणारी ऊर्जा पकडणारा जो ऊर्जामापक आहे, तो मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सहकारी संस्थांसह उभारला, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.) मात्र वजाबाकी फसवी असते. १९८४ साली सर्नमधील यूए-१ या प्रयोगात एकच कणझोत व मोठी हरवलेली ऊर्जा असलेल्या मोजक्या घटना आढळल्या आणि महासममितीच्या आधारे त्यांची स्पष्टीकरणे भराभर प्रसिद्ध झाली. पुढे परिचित प्रक्रियांचीच काटेकोर बेरीज केली असता त्या घटनांचा उलगडा झाला. न्यूट्रिनोही न दिसता निसटतो, हे काही कोणास अज्ञात नव्हते. त्याचा हिशेब पुरा व्हावयाचा होता, इतकेच.

त्यानंतरची दोन तपे कोलायडरमधील शोध बव्हंशी महासममितीच्या छायेत चालला. एक कण शोधण्यासाठी सगळा सिद्धांत पदरी घ्यावा लागे. २०१० च्या सुमारास काही गटांनी हा भार टाकून फर्मी यांची जुनी वाट धरली. १९३४ साली फर्मी यांनी बीटा-ऱ्हासाचे वर्णन करताना मधल्या कणाचा विचारच केला नव्हता. चार कण एका बिंदूत भेटतात एवढेच मानून एका स्थिरांकात काम भागविले होते. तीच युक्ती क्वार्क व कृष्णद्रव्य यांना लावली गेली. यातील सोय मोठी होती. त्याच एका संख्येवरून भूगर्भातील शोधकांत कृष्णद्रव्याचा कण अणुकेंद्रावर किती वेळा आदळेल हेही काढता येई, आणि दोन सर्वस्वी भिन्न प्रयोगांच्या मर्यादा एकाच आलेखावर काढता येत. असे आलेख पुष्कळ निघाले. माझ्या मते, जरा अधिकच विश्वासाने निघाले.

कारण फर्मी यांची युक्ती साधली ती एका विशेष परिस्थितीमुळे. बीटा-ऱ्हासातील ऊर्जा काही दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर १९८३ साली सापडलेल्या डब्ल्यू या मध्यस्थ कणाचे वस्तुमान सुमारे ८० अब्ज. सर्नच्या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात हे अंतर उरत नाही. ज्या मध्यस्थाकडे दुर्लक्ष करावयाचे, त्याला प्रत्यक्ष निर्माण करण्याइतकी ऊर्जा टकरीतच असू शकते. २०१३ पासून अनेक शोधनिबंधांनी हा दोष तपशीलवार दाखविला: मध्यस्थ हलका असल्यास काढलेली मर्यादा वाजवीपेक्षा कडक ठरते, आणि तो यंत्राच्या आटोक्यात येऊन अनुनादाने निर्माण होत असल्यास वाजवीपेक्षा सैल.

म्हणून २०१५ साली ॲटलास व सीएमएस यांच्या संयुक्त अभ्यासगटाने ‘सुलभ प्रतिमाने’ पुढे मांडली. त्यांच्या नेहमीच्या रूपात चार राशी: कृष्णद्रव्याचे वस्तुमान, मध्यस्थाचे वस्तुमान, आणि मध्यस्थाचे क्वार्कशी व कृष्णद्रव्याशी असलेले दोन युग्मांक. सदिश मध्यस्थासाठी हे युग्मांक अनुक्रमे ०.२५ व १ असे धरण्याचा प्रघात पडला. मध्यस्थ परत आल्याने एक अनपेक्षित फळ मिळाले. क्वार्कांतून जन्मलेला मध्यस्थ पुन्हा दोन क्वार्कांत विघटित होऊ शकतो. म्हणजे कृष्णद्रव्याचा पत्ता नसतानाही केवळ दोन कणझोतांच्या मापनातून त्याचा शोध घेता येतो. या बाजूने आलेल्या मर्यादा कित्येकदा हरवलेल्या ऊर्जेवरून आलेल्या मर्यादांहून प्रभावी ठरल्या. तथापि ही प्रतिमाने उच्च ऊर्जेस गणिती दृष्ट्या सुसंगत राहतीलच असे नाही, हा आक्षेपही लवकरच आला. परिणामी २०१७ पासून दोन हिग्ज-द्विकांची व एका जादा मध्यस्थाची अधिक भरीव प्रतिमाने वापरात आली. टाकून दिलेला भार थोडाथोडा परत खांद्यावर घेतला गेला म्हणावयाचे!

कृष्णद्रव्याची निश्चित खूण अद्याप कोठल्याही कोलायडरमध्ये मिळालेली नाही. प्रसिद्ध होणाऱ्या आलेखांवर युग्मांकांची मूल्ये आता ठळकपणे छापली जातात, हे योग्यच झाले. कारण क्वार्कशी असलेला युग्मांक ०.२५ ऐवजी ०.१ धरला, तर तोच वर्जित प्रदेश बराच आक्रसतो. आणि उद्या खूण मिळालीच, तरी त्यावरून एवढेच सिद्ध होईल की, तो अदृश्य कण शोधकाच्या भिंतीपलीकडे जाईपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या एक कोट्यंशाहूनही कमी काळ, टिकला. तो विश्वाच्या १३.८ अब्ज वर्षांच्या आयुष्यभर टिकणारा आहे की नाही, याचे उत्तर भूगर्भातील शोधकांकडे व आकाशाच्या निरीक्षकांकडेच मागावे लागेल.