नाताळची पोस्त

दिवाळी आली, की शहरातील बिऱ्हाडांच्या दाराशी टपालवाला, धोबी, झाडूवाला, रखवालदार असे एकामागून एक येऊन उभे राहतात. त्यांना जे द्यावयाचे त्याला मराठीत पोस्त हा नेमका शब्द आहे. पोस्त ही धड मजुरी नव्हे, धड भिक्षाही नव्हे, आणि मनापासून दिलेली देणगी तरी ती असतेच असे नाही. देणारा तिला आपली कृपा समजतो, घेणारा तिला आपला हक्क समजतो, आणि दोघेही ते उघड बोलत नाहीत. इंग्लंडात नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरला, हाच व्यवहार शतकानुशतके चालत आला. तेथे त्याला ‘ख्रिसमस बॉक्स’ असे नाव पडले, व पुढे त्या दिवसालाच ‘बॉक्सिंग डे’ म्हणू लागले. मुष्टियुद्धाशी याचा काही संबंध नाही. येथे बॉक्स म्हणजे पेटी, आणि ही पेटीही लाकडाची नव्हे, बहुधा मातीची असे.

देवळात गोरगरिबांसाठी ठेवलेली दानपेटी या दिवशी उघडीत, त्यावरून हे नाव आले असे पुष्कळदा सांगण्यात येते. परंतु जुना लेखी पुरावा निराळ्याच ठिकाणी बोट दाखवितो. १६११ साली रँडल कॉटग्रेव्ह याचा फ्रेंच-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यात पैसा आत जाण्यापुरती फट ठेवलेल्या पेटीला ‘ख्रिसमस बॉक्स’ असा प्रतिशब्द देऊन कोशकार म्हणतो, की फ्रान्सात ती भिक्षेकरी साधू वापरतात आणि इंग्लंडात घरचे नोकर व उमेदवार वापरतात. उमेदवार म्हणजे धंदा शिकण्यासाठी, बहुधा सात वर्षांच्या करारावर, धन्याच्या घरी राहणारा मुलगा. त्याला अन्नवस्त्र व निवारा मिळे, पगार असा मिळत नसे. दुकानात गिऱ्हाईक आले, की ही मुले आपला गल्ला पुढे करीत. हिरव्या चकाकीचे असे लहान लहान गल्ले लंडनच्या भूमीत उत्खननात सापडले आहेत. फोडल्यावाचून त्यांतील नाणे निघत नसे, त्यामुळे कोणा एकाला गुपचूप हात मारण्याची सोय नव्हती. नाताळ आला, की गल्ला फोडावयाचा व वाटणी करावयाची. म्हणजे धन्याने न दिलेला पगार गिऱ्हाइकाच्या खिशातून काढण्याची ही युक्ती होती, असे म्हणावयास हरकत नाही.

प्युरिटन पक्षाच्या हाती सत्ता आली, तेव्हा १६४७ साली पार्लमेंटने नाताळचा सणच रद्द केला. नवल हे, की तो रद्द करताना पार्लमेंटला या उमेदवारांची आठवण ठेवावी लागली. सणाच्या सुट्टीऐवजी दर महिन्याचा दुसरा मंगळवार त्यांना व नोकरचाकरांना विश्रांतीसाठी देण्यात आला. १६६० मध्ये राजा परत आला आणि त्याच्या पाठोपाठ नाताळही परतला. पेटीही परतली. आरमार खात्यातील अधिकारी सॅम्युएल पेपिस याच्या रोजनिशीत १९ डिसेंबर १६६३ च्या दिवशी नोंद आहे, की बूट शिवणाऱ्याची सारी बाकी चुकती केली व नाताळनिमित्त त्याच्या पोरांच्या पेटीत काही टाकले. या नोंदीत कुरकुर नाही. पाच वर्षांनी, २८ डिसेंबर १६६८ ला, ढोल-तुताऱ्यांच्या आवाजाने जाग आल्यावर मात्र हाच गृहस्थ या पेट्यांपायी पुष्कळ पैसा गेला आणि आणखी जाणार आहे, असे लिहितो.

जोनाथन स्विफ्टचा सूर याहून कडवट आहे. १७१० च्या नाताळात तो लंडनमध्ये होता व डब्लिनला असलेल्या आपल्या मैत्रिणीला रोजची हकीकत कळवीत होता. या पेट्यांनी आपले दिवाळे निघणार, कॉफीगृहातील नोकरांनी आपला कर वाढविला आहे, जो तो एक क्राउन देतो म्हणून लाजेकाजेस्तव आपणही दिला, असे तो सांगतो. क्राउन म्हणजे पौंडाचा चौथा हिस्सा. शिवाय बड्या लोकांच्या द्वारपाळांना अर्धा अर्धा क्राउन दिला तो वेगळाच. स्विफ्टने येथे ‘कर’ म्हटले आहे, आणि पोस्तीचे मर्म त्या एका शब्दात येऊन गेले आहे. कायद्याने तो कोणी बसविलेला नव्हता. शेजारच्या मेजावरचा माणूस देतो, एवढेच त्याच्या वसुलीचे बळ.

अठराव्या शतकात हा कर वर्षभर वसूल होऊ लागला. बड्या घरी मेजवानीला गेलेला पाहुणा परत निघाला, की दरवाजापर्यंत नोकरांची रांग उभी असे, आणि प्रत्येकाच्या हातावर काही ठेवल्याशिवाय त्याची सुटका होत नसे. या बक्षिसीला ‘व्हेल्स’ म्हणत. बेताच्या मिळकतीचे लोक या खर्चाच्या धास्तीने आमंत्रणे टाळू लागले. ड्यूक ऑफ न्यूकॅसलच्या आचाऱ्याच्या हातावर एका पाहुण्याने क्राउन ठेवला, तेव्हा आपण चांदी घेत नाही, असे आचारी म्हणाला. आपण सोने देत नाही, असे म्हणून पाहुण्याने क्राउन परत खिशात टाकला, अशी आख्यायिका आहे. जोनास हॅनवे याने १७६० च्या सुमारास या चालीविरुद्ध पत्रे छापली. स्कॉटलंडातील सरदार-जमीनदारांनी ती बंद करण्याचे ठराव केले. लंडनमध्ये मात्र मे १७६४ मध्ये रॅनलाच्या उद्यानाबाहेर हुजऱ्यांनी दंगा केला. आत धनी नाचगाण्यात दंग, आणि बाहेर त्यांचेच नोकर बक्षिसी बंद करणाऱ्या गृहस्थांची हुर्यो करून दिवे फोडीत आहेत, असे ते दृश्य होते. पुष्कळ धन्यांनी पगार ठरवितानाच ही वरकमाई हिशेबात धरलेली होती. ती बंद करावयाची तर पगार वाढविणे ओघाने आले, परंतु सुधारणेच्या उत्साहात ही दुसरी बाजू सर्वांनाच आठवली असे नाही.

१८४० मध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागले आणि १८४३ मध्ये पहिले छापील नाताळपत्र निघाले. तेव्हापासून टपालवाला हा पेटीचा मुख्य मानकरी ठरला. साऱ्या गावाच्या शुभेच्छा पोचविणाऱ्याला स्वतःला मात्र सण नव्हता. इंग्लंडात नाताळच्या दिवशी टपाल वाटण्याची पद्धत १९६० पर्यंत चालू होती. २६ डिसेंबर ही १८७१ च्या कायद्याने सार्वजनिक सुट्टी झाली खरी, पण पहाटेपासून दारोदार फिरणाऱ्यांच्या बाबतीत ती सुट्टी कितपत खरी होती, हा प्रश्नच आहे.

हिंदुस्थानात साहेबांबरोबर नाताळ आला आणि या व्यवहाराचे तोंड थोडे फिरले. फॅनी पार्क्स या बाईने १८५० साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात कलकत्त्याचा नाताळ वर्णिला आहे. नोकर दारांना फुलांचे हार बांधतात, फळे व मिठाईची तबके घेऊन येतात आणि बक्षिस मागतात. त्या बाईच्या मते ते बक्षिस मिठाईच्या दुपटीचे होते. प्रथम आपण द्यावयाचे व मग घ्यावयाचे, ही डालीची रीत येथील नोकराने नाताळलाही लावली. त्यात लाचारी पाहावी की मागणे सभ्य करण्याची चतुराई पाहावी, हे पाहणाऱ्यावर आहे.

सणाचे देणे कृपा की हक्क, या प्रश्नाचा निवाडा एकदा मुंबईत थेट मुख्य न्यायाधीशांपुढे गेला. तो प्रश्न घरगड्यांचा नव्हता, गिरणीकामगारांचा होता. काही वर्षे गिरणीमालक पगारावर वार्षिक बोनस देत आले होते. १९२३ चा बोनस मिळणार नाही असे दिसताच जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निर्णय दिला, की रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने पाहता असा हक्क शाबीत होत नाही. दोन महिन्यांहून अधिक काळ चाललेला संप मार्चमध्ये मोडला. पुढे एक्केचाळीस वर्षांनी, १९६५ साली, बोनसचा कायदा झाला व नफा असो वा तोटा, किमान बोनस देणे मालकांवर बंधनकारक ठरले. कारखाने आणि वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या संस्था त्याच्या कक्षेत आल्या. एखाददुसरा गडी ठेवणारी बिऱ्हाडे त्या कायद्याबाहेर राहिली, आणि तेथे पोस्त पूर्वीप्रमाणेच दाराशी उभे राहून मागावी लागली.