सायकोपॅथी-मापन, गुन्हेगारांचे

पश्चात्ताप व सहानुभूतीचा अभाव, लाघवी लबाडी आणि बेजबाबदार वर्तन या लक्षणसमूहाची गुन्हेगारांत तपासणी. हर्वी क्लेक्ली यांच्या १९४१ च्या वर्णनावर कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांनी १९८० मध्ये पडताळासूची रचली; १९९१ मध्ये ती सुधारली. २० कलमे, प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण, कमाल ४०. सायकोपॅथ ठरवण्याची सीमा उत्तर अमेरिकेत ३०, ब्रिटनमध्ये बहुधा २५. तेव्हा २७ गुणांचा कैदी एका देशात सायकोपॅथ ठरतो, दुसऱ्यात नाही.

विश्वसनीयता. प्रशिक्षित संशोधकांचे गुण बरेचसे जुळतात. न्यायालयीन कामात हे एकमत घटते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात त्याच फायली तपासणाऱ्या तज्ज्ञांपैकी, आपल्याला सरकार पक्षाने नेमले आहे असे समजणाऱ्यांनी सरासरीने अधिक गुण दिले. पश्चात्तापासारखी मनोभावाची कलमे अधिक डळमळीत, पूर्वगुन्ह्यांची त्यामानाने पक्की.

कागदपत्रे. नुसत्या मुलाखतीवर गुण देणे नियमबाह्य आहे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरी वाड्यांतील आरोपीबाबत अडचण इथेच येते. बालपणीच्या दुर्वर्तनाचे कलम बाराव्या वर्षापर्यंतचा काळ पाहते. शाळा लवकर सुटली असेल, तर दाखल्यापलीकडे कागद नसतो, उरतो पोलीस पाटलाचा जबाब. मुंबईचे काम सुटल्यावर भावाच्या भातशेतीवर राहणारा माणूस ‘परोपजीवी’ मानावा काय, हे सूचीतील कलम एकत्र कुटुंबाची रीत ठाऊक नसलेल्या परीक्षकाने ठरवू नये. माहितीअभावी पाचपर्यंत कलमे गाळता येतात; त्यापुढे एकूण गुण ग्राह्य नाहीत.

महाराष्ट्रातील प्रकरण. ऑगस्ट १९६८ मध्ये मुंबईत अनेक खुनांसाठी पकडलेल्या रामन राघवला पोलीस सर्जनने मनोरुग्ण मानले नाही. बचावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने जुनाट संशयी स्किझोफ्रेनियाचे निदान केले. फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या तीन मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने स्किझोफ्रेनियाच ठरवला आणि १९८७ मध्ये शिक्षा जन्मठेपेवर आली. हे निदान सायकोपॅथीचे नव्हे. तरीही एकाच माणसाविषयी तज्ज्ञांचे मत किती फाकू शकते, याची महाराष्ट्रातील ही एक बोलकी नोंद होय.

 

कायदा. वेडसरपणाचा बचाव पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ खाली, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ खाली. केवळ सायकोपॅथीने तो मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२२ च्या मनोज खटल्यातील निकालानुसार, फाशीयोग्य गुन्ह्यात आरोपीचे मानसशास्त्रीय मूल्यमापन सत्र न्यायालयापुढे ठेवण्याची जबाबदारी राज्यावर आहे.