वळिवड्याचे पोलिश बालवीर

ज्युबिलीच्या या शुभप्रसंगीं आपल्या धर्मग्रामांतील बालवीरांविषयीं चार शब्द लिहावे, असें संपादक मंडळानें सुचविलें. परंतु तें लिहावयास बसतांच माझें मन कोल्हापूरजवळील वळिवड्याकडे धांवतें. म्हणून एके काळीं आपल्याच महाराष्ट्रांत आश्रयास राहिलेल्या परदेशी धर्मबांधवांची हकीकत सांगतों.

१९४० व १९४१ सालीं सोव्हिएट सत्तेनें पूर्व पोलंडमधील लाखों लोकांस गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानांत नेलें. १९४१ च्या करारानें त्यांची सुटका झाली आणि पुढल्या सालीं जनरल आंडर्स यांच्या सैन्यासोबत पुष्कळ जण इराणांत पोंचले. त्यांतील सुमारें पांच हजार १९४३ पासून वळिवड्याच्या छावणींत आले. बहुतेक सर्व बायका व मुलें. बाप कोणाचा रणांगणावर, कोणाचा मातींत.

या मुलांनीं प्रवास कांहीं थोडा केला नव्हता. पण तो सारा दुसऱ्याच्या हुकुमानें. बालवीर पथकांत येतांच तींच मुलें, मुलगे आणि मुली दोन्ही, आपल्या इच्छेनें चालूं लागलीं. हा भेद मला फार मोठा वाटतो. पंचगंगेच्या काठीं, पन्हाळगडाच्या चढावर तीं आपल्या भाषेंतील गीतें गात जात. धाकट्यांस मायभूमि आठवत नव्हती, ती त्यांना शेकोटीभोंवतीं कळली.

देव व पोलंड यांची सेवा, हें त्यांचें व्रत. त्यांच्या छातीवरील क्रूस लुतोस्वाव्स्की नांवाच्या एका धर्मगुरूनें रेखाटलेला. त्यावर 'चुवाय', म्हणजे 'जागा राहा', एवढाच शब्द. गेथशेमनी बागेंत प्रभूनें शिष्यांजवळ हेंच मागितलें होतें. (आम्ही पाद्री लोक मात्र रविवारच्या सहलीचें नांव निघतांच, मिस्सा चुकेल म्हणून कपाळास आठ्या घालतों. त्यांत मीहि आलोंच.)

त्यांच्या नायकांत झ्जिस्वाफ पेश्कॉव्स्की हे तरुण लष्करी अधिकारी होते. जन्म १९१८ चा. कोझेल्स्कच्या बंदिवासांतील त्यांचे सोबती १९४० सालीं काटिनच्या रानांत गोळ्या घालून मारण्यांत आले. वांचलेल्या थोडक्यांत हे एक. अशा मनुष्यानें मुलांस सूड शिकविला असता, तरी कोणास नवल वाटलें नसतें. त्यांनीं त्यांना बालवीर केलें. १९५४ सालीं ते धर्मगुरू झाले. पुढें काटिनच्या मृतांच्या कुटुंबांचे आत्मिक पालक म्हणून त्यांनीं सेवा केली व २००७ सालीं ते प्रभूपाशीं गेले.

१९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. पोलंडांत कम्युनिस्टांचा अंमल बसलेला. कित्येकांचीं गांवें तर आतां पोलंडांतहि उरलीं नव्हतीं. त्यामुळें पुष्कळ जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा दूर देशीं पांगले. १९९८ सालीं कोल्हापुरांत त्यांचें स्मारक उभें राहिलें. तेथील ख्रिस्ती दफनभूमींत कांहीं पोलिश कबरीहि आहेत. आपले बालवीर पुढल्या वेळीं पन्हाळ्यास निघतील, तेव्हां वाट थोडी वाकडी करून तेथें मेणबत्त्या लावून येणार आहेत.