टायची गोष्ट : गळ्याभोवतीची चारशे वर्षे

मुलाखत, परदेशातली नोकरी, घरातले लग्न अशा निमित्ताने आयुष्यात पहिला टाय घ्यायची वेळ येते. दुकानात शंभर टाय समोर मांडलेले असतात आणि एकच घ्यायचा असतो. रोज लागत नाही, पण लागेल तेव्हा सगळीकडे चालला पाहिजे. डॉक्टरचा याच्याशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. संबंध आहे, कारण टाय गळ्याभोवती बसतो. मेंदूकडे जाणारे रक्त, डोळ्यांकडून परत येणारे रक्त आणि श्वास या तिन्ही वाटा तिथूनच जातात. शिवाय कोणता टाय घ्यावा या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्याच्या इतिहासात दडलेले आहे.

सैनिकांचा रुमाल

गळ्याला कापड गुंडाळायची पद्धत फार जुनी आहे. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ मातीच्या सैनिकांचे जे प्रचंड सैन्य सापडले, त्यांच्या गळ्यातही अशी कापडे दिसतात. आजच्या टायची वंशावळ मात्र सतराव्या शतकातल्या युरोपात सुरू होते. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८ ते १६४८) फ्रान्सच्या बाजूने क्रोएशियाचे भाडोत्री सैनिक लढत होते. ते गळ्याभोवती रुमाल बांधत. फ्रेंचांना तो आवडला आणि क्रोएट या शब्दावरून त्यांनी त्याला ‘क्राव्हात’ म्हणायला सुरुवात केली. पुढे चौदाव्या लुईच्या दरबारात याच रुमालाला लेस लागली आणि तो सरदारांच्या गळ्यात गेला. क्रोएशियात आजही १८ ऑक्टोबरला टायचा दिवस साजरा होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये ब्यू ब्रमेल नावाचा एक छानछोकी गृहस्थ होता. त्याने गळपट्ट्याला खळ घालून तो ताठ केला आणि तशी पद्धतच पडली. पुढे कॉलरीही इतक्या उंच आणि कडक झाल्या की जर्मन भाषेत अशा कॉलरीला ‘बापाचा खून करणारी’ अशा अर्थाचे नाव पडले. गंमत बाजूला ठेवली, तरी गळा आवळणारे कापड त्रासदायक असते हे लोकांना तेव्हाच कळले होते.

उरेब कापडाची करामत

कारखाने आणि कचेऱ्या वाढल्या तशी रोज सकाळी गळपट्टा रचत बसायला कुणाला सवड राहिली नाही. लांब, सुटसुटीत, एका गाठीत बसणारा टाय आला. पण सरळ कापडातून कापलेला टाय दोन-चार वेळा बांधला की पिळवटून जायचा. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कचे टाय बनवणारे जेसी लँग्सडॉर्फ यांनी कापड उरेब, म्हणजे ४५ अंशांत तिरके कापून तीन तुकड्यांत टाय शिवायची युक्ती काढली. उरेब कापड ताणले तरी सोडल्यावर मूळ आकाराला येते. चांगला टाय आजही असाच शिवतात. दुकानात अरुंद टोक धरून टाय हवेत लोंबता सोडा. तो पिळ न पडता सरळ लटकला तर कापणी नीट आहे असे समजा.

पट्टे काय सांगतात?

ब्रिटनमध्ये टायचे पट्टे ही ओळखपाटी झाली. अमुक पलटण, तमुक कॉलेज, अमका क्लब, प्रत्येकाचे रंग ठरलेले. तिथे दुसऱ्याच्या पलटणीचा टाय घालून गेलात, तर कुणीतरी तुम्हाला पलटणीबद्दल विचारणारच! म्हणून सगळीकडे चालणारा टाय साधा, एकरंगी असावा. पट्टे असतील तर ते कुणाचे आहेत हे माहीत असावे.

आपल्याकडे टाय इंग्रजांबरोबर आला. कुणी त्याची ‘कंठलंगोट’ म्हणून थट्टा केली, कुणी तो हौसेने बांधला. १८८८ साली लंडनला गेलेले गांधीजी तिथे टाय बांधायला शिकले. आरशासमोर त्यात रोज दहा मिनिटे जात, हे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवले आहे. पुढे त्यांनी तो सोडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र कोट-टाय कायम ठेवला. ज्या समाजाला चांगले कपडे घालण्याचीही मुभा नव्हती, त्या समाजातल्या माणसाने कोट आणि टाय घालून उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती. गावोगावच्या पुतळ्यांमध्ये निळ्या सुटावरचा तो टाय दिसतो, तेव्हा त्यामागचा हा अर्थ लक्षात घ्यावा. घरातला पहिला पदवीधर मुलगा मुलाखतीसाठी टाय घेतो, तेव्हा त्या कापडात घरच्यांचा अभिमान असतो. त्याला हसू नये.

वैद्यकशास्त्राने टायकडे कधी पाहिले?

१९३३ मध्ये अमेरिकेतील वाइस आणि बेकर या डॉक्टरांनी एका आजाराचे सविस्तर वर्णन केले. जबड्याच्या कोनाखाली मानेतल्या मोठ्या रोहिणीवर रक्तदाब मोजणारी एक नैसर्गिक जागा असते. काहींमध्ये, विशेषतः वयस्क पुरुषांमध्ये, ती फार संवेदनशील होते. तिथे दाब पडला की हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो आणि माणूस चक्कर येऊन पडतो. दाढी करताना, मान झटकन वळवताना किंवा घट्ट कॉलरमुळे असे होऊ शकते. वडिलांना कॉलर लावून मान वळवताना चक्कर येत असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या.

२००३ मध्ये न्यूयॉर्कच्या नेत्रतज्ज्ञांनी २० निरोगी आणि २० काचबिंदू झालेल्या पुरुषांना थोडी अस्वस्थता वाटेल इतका घट्ट टाय बांधायला लावला आणि तीन मिनिटांनी डोळ्यातला दाब मोजला. बहुतेकांचा दाब वाढला होता. टाय सैल केल्यावर तो उतरला. कारण सोपे आहे. मानेतल्या नीला दाबल्या गेल्या की डोक्याकडून परतणारे रक्त तुंबते. पुढच्या एका अभ्यासात टाय जास्त वेळ ठेवल्यावर ही वाढ टिकत नाही असे दिसले. म्हणजे टायमुळे काचबिंदू होतो असे अजिबात नाही. पण डोळ्याचा दाब मोजताना टाय आवळलेला असेल तर आकडा फसवा येऊ शकतो आणि औषधे नाहक बदलली जाऊ शकतात. म्हणून तपासणीआधी टाय आणि वरचे बटण सैल करा.

२०१८ मध्ये जर्मनीतल्या कील येथे एमआरआय करून पाहिले, तेव्हा घट्ट टायने मेंदूचा रक्तप्रवाह सरासरी ७.५ टक्क्यांनी कमी झाला. ही बातमी बरीच गाजली. पण त्यात टाय बांधलेले तरुण जेमतेम १५ होते आणि निरोगी मेंदूला एवढी घट सहज सोसते. घाबरायचे कारण नाही, आवळायचेही कारण नाही.

डॉक्टरांनी टाय का काढला?

शर्ट रोज धुतला जातो, रेशमी टाय क्वचितच. रुग्णावर वाकले की तो पलंगाला, चादरीला, कधी जखमेलाही लागतो. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात वैद्यकीय मंडळींचे ४२ टाय तपासले, त्यातल्या २० वर रोगजंतू सापडले. तिथल्याच दहा सुरक्षारक्षकांपैकी एकाच्याच टायवर ते होते. टायमुळे रुग्णाला संसर्ग झाला, हे यातून सिद्ध होत नाही. तरी २००७ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याने डॉक्टरांनी कोपराखाली हात उघडे ठेवावेत आणि रुग्ण तपासताना टाय घालू नये, असे मार्गदर्शन काढले. तेव्हा तुमचे डॉक्टर बिनटायचे दिसले तर तो अदबीचा अभाव समजू नका. तुम्हीही ऑफिसमधून थेट रुग्णाला भेटायला गेलात, तर टाय काढून खिशात ठेवा आणि हात धुवा.

मग एकच घ्यायचा तर कोणता?

रंग गडद निळा, म्हणजे नेव्ही ब्लू. तो पांढऱ्या आणि फिक्या निळ्या शर्टावर, राखाडी आणि निळ्या सुटावर चालतो. मुलाखत, लग्न, शोकसभा कुठेच खटकत नाही. कापड एकरंगी आणि कमी चकाकीचे. फार झाले तर बारीक ठिपके. रुंदी साधारण आठ सेंटिमीटर. १९४०च्या दशकात टाय तळहाताएवढे रुंद होते, साठच्या दशकात दोन बोटांवर आले, सत्तरच्या दशकात पुन्हा पसरले. मधली रुंदी कधीच जुनी होत नाही. गाठ साधी, एका वेढ्याची. टोक पट्ट्याच्या बकलपर्यंत यावे.

त्याआधी गळ्याचे माप घ्या, कारण टाय आवळतो तो बहुधा कॉलर लहान असल्यामुळे. आपल्याकडे शर्टावरचा ३९, ४०, ४२ हा आकडा कॉलरचा सेंटिमीटरमधला असतो. बटण लावल्यावर आत दोन बोटे सहज गेली पाहिजेत. जुन्या शर्टाचे वरचे बटण लागेनासे झाले असेल तर आधी वजन करा. पुरुषाच्या मानेचा घेर ४३ सेंटिमीटरच्या (१७ इंच) वर असेल, मोठ्याने घोरणे असेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर झोपेत श्वास अडण्याचा विकार असू शकतो. टाय बदलून तो जाणार नाही. त्यासाठी डॉक्टरांना भेटा.

लक्षात ठेवण्यासारखे :

• फिरत्या यंत्रासमोर टाय, मफलर किंवा मोकळी ओढणी नको. नर्तिका इझाडोरा डंकन १९२७ मध्ये गाडीच्या चाकात स्कार्फ अडकूनच गेली. दुचाकीवर ओढणी नीट बांधून घ्या.
• लहान मुलांचा शाळेचा टाय ओढल्यावर सुटणारा असावा. खेळायला जाताना तो काढायला सांगा.
• कुणाला चक्कर आली किंवा फीट आली, तर आधी टाय आणि वरचे बटण सैल करा. तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा.
• घरी आल्यावर गाठ पूर्ण सोडून टाय टांगून ठेवा. टायही टिकतो, मानही मोकळी राहते.