खेळाडूला विचारलं का? ट्रेडची गोष्ट, निंबाळकरांपासून शार्दूलपर्यंत

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोपा जातो, त्यांच्यासाठी तो लिहून देतोय. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त मधले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत.

आजचा विषय आहे ट्रेड. शेअर मार्केटमधला नाही, खेळाडूंचा. दरवर्षी आयपीएल संपली की आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच उद्योग सुरू होतो. 'ऋतुराजला मुंबईत आणा, बदल्यात सूर्याला चेन्नईला द्या.' 'नको, त्यापेक्षा अमुक द्या आणि वर पाच कोटी घ्या.' कोणी पगार बघत नाही, कोणी नियम बघत नाही, पण प्रत्येकजण संघमालक असतो. अमेरिकेत बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये तर या नादासाठी वेबसाइटवर खास मशीनच आहेत. दोन संघ निवडा, खेळाडू इकडून तिकडे ओढा, आणि सौदा नियमात बसतो की नाही ते स्क्रीनवर दिसतं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे असल्या मशीनवर माझे किती रविवार गेलेत ते विचारू नका.

पण या खेळाला इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्याकडचा आहे. तोच आज सांगतो.

बाजारातली अदलाबदल

मी सांगोल्याचा. आमच्याकडे दोन गोष्टी प्रसिद्ध, डाळिंब आणि जनावरांचा बाजार. बाजारात खिलार बैलांचा सौदा कसा होतो ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना ट्रेड समजावून सांगायची गरज नाही. हेडी रुमालाखाली हात घालतो, बोटं दाबून भाव ठरतो, आजूबाजूच्याला आकडा कळत नाही. कधी बैलाला बैल अशी सरळ अदलाबदल होते. एक बैल वयानं मोठा असेल, तर त्याचा मालक वर पैसे देतो.

आता आयपीएल बघा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये लखनौनं आवेश खान राजस्थानला दिला आणि देवदत्त पडिक्कल घेतला. ही सरळ अदलाबदल. त्याच महिन्यात मुंबईनं कॅमेरून ग्रीन बंगळूरुला दिला, बदल्यात खेळाडू नाही, नुसती रोकड. आणि हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईत आला, तोही रोकडीवर. त्याचा १५ कोटींचा पगार सगळ्यांना माहीत होता, पण गुजरातला मुंबईनं वेगळी किती रक्कम दिली तो आकडा जाहीर झाला नाही. रुमालाखालचा सौदा!

फरक एकच. बाजारात बैलाला कोणी विचारत नाही. खेळाडूला विचारतात का? आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर आहे.

जेव्हा खेळाडू स्वतःच्या पायानं जायचा

आपल्याकडे फ्रँचायझी नव्हत्या, तेव्हाही खेळाडू संघ बदलायचे. फक्त त्यांना कोणी पाठवत नव्हतं, ते आश्रय शोधत जायचे. कुस्तीत हे सगळ्यात आधी दिसतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं, आणि लांबलांबचे मल्ल कोल्हापूरच्या तालमींमध्ये आले. खुराक मिळतो तिथं मल्ल, असा साधा हिशोब.

क्रिकेटमध्येही तेच झालं. सी. के. नायडू जन्मानं नागपूरचे. १९३२ मध्ये भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार. पण त्यांचं नाव जोडलं गेलं इंदूरच्या होळकरांशी, आणि त्यांच्या कर्णधारपदाखाली होळकर संघानं चार वेळा रणजी करंडक जिंकला. विजय हजारे सांगलीचे. ते महाराष्ट्राकडून खेळले, पुढे बडोदा संस्थानात गेले. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याकडून त्यांनी होळकरांविरुद्ध २८८ धावा केल्या, गुल महंमदनं ३१९. दोघांची चौथ्या विकेटची भागीदारी ५७७ धावांची. कुठल्याही विकेटसाठीचा हा प्रथम श्रेणीतला जागतिक विक्रम २००६ पर्यंत, म्हणजे संगकारा आणि जयवर्धनेनं ६२४ करेपर्यंत टिकला. गंमत बघा, नागपूरच्या माणसानं मोठा केलेला होळकर संघ आणि समोर सांगलीचा माणूस बडोद्याकडून!

आणि मग भाऊसाहेब निंबाळकर. जन्म कोल्हापूरचा. डिसेंबर १९४८, पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा विक्रम होता नाबाद ४५२. अजून दहा धावा आणि विक्रम आपल्या माणसाचा. पण काठियावाडच्या कर्णधारानं पुढे खेळायलाच नकार दिला, सामना तिथंच संपला. हे निंबाळकर कारकिर्दीत बडोदा, होळकर, महाराष्ट्र, राजस्थान, रेल्वे अशा किती संघांकडून खेळले! आजच्या भाषेत सांगायचं तर फिरता खेळाडू. पण त्यांचा एकही ट्रेड झाला नाही. संस्थान होतं तोवर संस्थान, नंतर नोकरी. आणि एवढं करून त्यांना भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही.

पुढे संस्थानं गेली आणि त्यांची जागा रेल्वे, पोलीस, बँका यांनी घेतली. आपल्या बास्केटबॉलचं आजही बऱ्यापैकी असंच आहे. मुंबईतल्या नागपाड्यानं देशाला कितीतरी बास्केटबॉलपटू दिले. तिथलेच अब्बास मुंतसीर भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. अशा पोरांपुढचा प्रश्न 'मला कोणता संघ विकत घेईल' असा नव्हता. 'मला कोणतं खातं नोकरी देईल' असा होता.

ही पद्धत फार न्यायाची होती असं मी म्हणत नाही. राजाची मर्जी गेली की खुराक बंद, आणि पैसे तर जेमतेमच. पण जायचं की राहायचं, हे पाऊल बहुतेक वेळा खेळाडूचं असायचं.

अमेरिकेत काय झालं

अमेरिकेत उलटं. तिथं करार क्लबच्या मालकीचा आणि क्लब तो दुसऱ्याला देऊन टाकायचा. १९६९ मध्ये बेसबॉलच्या कर्ट फ्लडला सेंट लुईसनं फिलाडेल्फियाला ट्रेड केलं. त्यानं नकार दिला. मी विकत घ्यायची-विकायची वस्तू नाही, असं त्याचं म्हणणं. तो कोर्टात गेला, १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ३ नं हरला, आणि त्याची कारकीर्द जवळपास संपली. बास्केटबॉलमध्ये ऑस्कर रॉबर्टसननं १९७० मध्ये एनबीएवर खटला भरला, १९७६ मध्ये तडजोड झाली, आणि करार संपल्यावर स्वतःचा संघ निवडायची वाट खेळाडूंना हळूहळू मोकळी झाली. पण करार चालू असताना ट्रेड? तो आजही क्लबच करतो.

१९९६ ची गोष्ट घ्या. कोबी ब्रायंट, १७ वर्षांचा पोरगा. ड्राफ्टमध्ये शार्लटनं त्याला तेराव्या क्रमांकावर निवडलं, आणि बदल्यात लेकर्सचा सेंटर व्लादे दिवाच घेतला. आपण कोबीचं पुढचं सगळं जाणतो, पाच अजिंक्यपदं वगैरे. दिवाचचं कोण विचारतं? त्याला लॉस एंजेलिस सोडायचंच नव्हतं. निवृत्त होतो, पण जात नाही, असं तो म्हणाला होता. शेवटी तयार झाला म्हणून सौदा झाला. तो अडून बसला असता तर कोबी लेकर्सचा झाला असता का?

आणि फेब्रुवारी २०२५. डॅलसनं लुका डोन्चिच लेकर्सला दिला, अँथनी डेव्हिस घेतला. ना चाहत्यांना कल्पना, ना लुकाला. लोकांनी स्टेडियमबाहेर फुलं वाहिली, अक्षरशः माणूस गेल्यासारखी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॅलसनं हा ट्रेड करणाऱ्या जनरल मॅनेजरला घरी पाठवलं.

आयपीएल आणि जडेजाचं वर्तुळ

आता घरी या. २००८ मध्ये पहिला लिलाव झाला, आणि २००९ च्या हंगामाआधी पहिले ट्रेड. त्यातला एक खास आपला. श्रीरामपूरचा झहीर खान बंगळूरुकडून मुंबईला आला, बदल्यात रॉबिन उथप्पा तिकडे गेला. त्याच सुमारास दिल्लीनं शिखर धवन मुंबईला देऊन आशिष नेहरा घेतला.

२०१० मध्ये मात्र महत्त्वाची गोष्ट घडली. राजस्थानकडून पहिलं अजिंक्यपद जिंकलेल्या रवींद्र जडेजावर पूर्ण हंगामाची बंदी आली. कारण? त्यानं दुसऱ्या फ्रँचायझीशी स्वतः बोलणी केली होती. म्हणजे संघानं खेळाडू देऊन टाकला तर तो ट्रेड, आणि खेळाडूनं स्वतः वाट शोधली तर तो नियमभंग! हजारे, निंबाळकरांच्या काळी जे साधं नोकरी शोधणं होतं, तेच इथं गुन्ह्यासारखं झालं.

आता वर्तुळ बघा. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईनं जडेजाला आणि सॅम करनला राजस्थानला दिलं, आणि संजू सॅमसनला घेतलं. जडेजाचा पगार १८ कोटींवरून १४ वर आला. ज्या संघातून बाहेर पडायच्या धडपडीत एक वर्ष गेलं, त्याच संघात तो ट्रेडनं परत. यावेळी नियमानुसार, कारण आयपीएलमध्ये खेळाडूच्या संमतीशिवाय ट्रेड होत नाही. अमेरिकेत बहुतेक खेळाडूंना हा हक्क नाही, आपल्याकडे सगळ्यांना आहे. हे लक्षात ठेवा.

आणि आपला पालघरचा शार्दूल ठाकूर. तो तीनदा ट्रेड झालाय. पंजाबकडून पुण्याच्या संघात, दिल्लीकडून कोलकात्याला, आणि आता लखनौकडून मुंबईला, २ कोटींना. मधल्या एका मोठ्या लिलावात तर त्याला कोणी घेतलंच नव्हतं. लखनौनं जखमी खेळाडूच्या जागी बोलावलं, तो खेळला, आणि पुढच्याच वर्षी घरच्या संघात आला.

याउलट आमच्या सांगोल्याचे आबासाहेब, गणपतराव देशमुख. अकरा वेळा आमदार, सगळ्या वेळी शेतकरी कामगार पक्षाकडूनच. मी मित्रांना सांगतो, एका क्लबचा खेळाडू म्हणजे काय ते बघायचं असेल तर कोबीकडे नंतर जा, आधी सांगोल्याला या.

कागदावरचा ट्रेड कसा तपासायचा

आता सुरुवातीचा प्रस्ताव घेऊ. ऋतुराज मुंबईला, सूर्या चेन्नईला. २०२५ च्या मोठ्या लिलावाआधी चेन्नईनं ऋतुराजला १८ कोटींना ठेवलं, मुंबईनं सूर्याला १६.३५ कोटींना. मी तीन चाचण्या लावतो.

पहिली, पैसे. फरक १.६५ कोटींचा. मुंबईच्या पर्समध्ये तेवढी जागा असेल तर इथं पास.

दुसरी, गरज. ऋतुराज सलामीचा, मुंबईकडे सलामीला रोहित बसलेलाच आहे. सूर्या मधल्या फळीतला, तो गेला की तिथं भगदाड. चेन्नईचा तर कर्णधारच जातो. इथं माझ्या मते सौदा अडतो. एक खड्डा बुजवायला दुसरा खणायचा, असा प्रकार.

तिसरी, संमती. दोघांनाही जायचंय का? ही चाचणी कुठल्याच मशीनमध्ये नसते. तिथं खेळाडू म्हणजे एक नाव, एक आकडा, बोटानं सरकवायचा चौकोन. डेटाबेसमधली ओळ असती तर मीही एका क्वेरीत हलवली असती.

ही तिसरी चाचणी विसरली की काय होतं, ते २०२४ मध्ये मुंबईनं पाहिलं. हार्दिकची स्वतःची संमती होती, पण चाहत्यांची नव्हती. रोहितचं कर्णधारपद गेलं, हार्दिकला वानखेडेवर, घरच्या मैदानावर हुर्यो मिळाली, आणि मुंबई दहाव्या, शेवटच्या स्थानावर राहिली. मग २९ जूनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचं षटक हार्दिकनंच टाकलं, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. एप्रिल ते जुलै, माणूस तोच, मैदान तेच. कागदावर या तीन महिन्यांत काहीच बदललं नव्हतं.

कबड्डीत तर खेळाडूंचं आयुष्य यापेक्षा झपाट्यानं फिरतं. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई, यू मुंबानं ३६.४ लाखांना घेतला. एक हंगाम गाजवला, पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं १.४५ कोटी मोजले. इराणचा शादलू पुणेरी पलटणकडून जिंकला, पुढच्या हंगामात हरियाणाकडून जिंकला, त्याच्या पुढच्या वर्षी गुजरातला गेला. ज्या गावातल्या पोराचा आकडा कोटीत जातो, त्या गावाला तो कोणत्या रंगाची जर्सी घालतो याचं काही वाटत नाही. आपलं पोरगं खेळतंय, बस.

म्हणून ग्रुपवर ट्रेड सुचवणं बंद करा असं मी म्हणत नाही. मीही सुचवणार. हिशोब शिकायला यासारखा खेळ नाही. फक्त पुढच्या वेळी प्रस्ताव टाकाल, तेव्हा खाली एक ओळ जास्त लिहा. हा खेळाडू 'हो' का म्हणेल? ती ओळ लिहिता आली तर तुमचा ट्रेड खरा. नाही आली, तर रुमालाखाली अजून नुसतीच बोटं आहेत.

तुमचे प्रस्ताव त्या ओळीसकट पाठवा. चांगले निवडून पुढच्या भागात वाचतो. भेटू!